दर बुधवारी चार वाजता

इंकेन नोमेनसेनच्या वहीत चोवीस नोंदी होत्या आणि चोवीसही नोंदींपुढे एकच वेळ होती, चार वाजता. वार बुधवार. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत एकही बुधवार सुटलेला नव्हता. अक्षर सुरेख, खाडाखोड कुठेही नाही, आणि प्रत्येक नोंदीखाली केटेल इप्सेनची सही, चोवीसच्या चोवीस वेळा एकाच निळ्या शाईत.

गेशे बानझेनने वही मिटली, चष्मा पुसला आणि वही पुन्हा उघडली. इतकी नेटकी वही तिने याआधी एकदाच पाहिली होती. ती खोटी निघाली होती.

त्याला तीन वर्षं झाली. एका मुलाने सहा महिने एका म्हातारीला वर्तमानपत्र वाचून दाखवल्याचं लिहिलं होतं. गेशेने तपासून शिक्का मारला. मग कळलं की त्यातले शेवटचे दोन महिने म्हातारी इस्पितळात होती आणि पोराने अख्खी वही शाळेच्या बसमध्ये बसून भरली होती. उपक्रमाच्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून गेशेला दोन ओळींचं पत्र आलं. भाषा अगदी सभ्य होती. ते पत्र अजून तिच्या खणात शिक्क्याच्या डबीखाली होतं, आणि शिक्का काढताना दर वेळी हाताला लागायचं.

उपक्रमाचं नाव ‘दीड तास’. चौदा ते सतरा वयाच्या मुलांनी आठवड्यातून दीड तास एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला द्यायचा, वहीत नोंद करायची, त्या माणसाची सही घ्यायची. सहा महिन्यांनी गावातला स्वयंसेवक वही तपासून शिक्का मारतो. गेशे चौतीस वर्षं जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात होती. निवृत्त झाल्यावर हे काम तिच्याकडे आपोआप आलं, आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

यंदा त्या शिक्क्यावर इंकेनचं बरंच काही अडलेलं होतं. फेरीबोटीच्या कंपनीने शिकाऊ खलाशाची एक जागा काढली होती. सगळ्या किनाऱ्यावर मिळून एक. इंकेनची निवड जवळजवळ झाली होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शिक्का मारलेली वही पोचवायची होती, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. आज सोमवार होता.

गेशेला आधी खटकली ती शाई. चोवीस आठवडे एकच पेन टिकतं, ते हरवत नाही, त्याची शाई फिकी होत नाही, हे तिला पटेना. मग तिचं लक्ष पत्त्याकडे गेलं आणि ती खुर्चीत सरळ बसली.

केटेल इप्सेन होल्मवर राहतो. होल्म म्हणजे समुद्रातलं सपाट गवताळ बेट, मध्ये एक टेकाड, टेकाडावर त्याचं घर, बाकी मेंढ्या. ओहोटीला किनाऱ्यावरचा बांध उतरून गाळातून चालत पन्नास मिनिटांत पोचता येतं. भरतीला त्याच वाटेवर पुरुषभर पाणी असतं. आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. या बुधवारी चारला वाट मोकळी असेल, तर पुढच्या बुधवारी चारला तिथे पाणी असणार. हे या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गेशेने कपाटातून भरती-ओहोटीची दोन्ही वर्षांची पुस्तकं काढली आणि पट्टी लावून एकेक बुधवार तपासला. अकरा बुधवारी चार वाजता वाट पाण्याखाली होती. मग तिने हवामानाच्या नोंदींत त्या दिवसांचा वारा पाहिला, कारण पूर्वेचा जोरदार वारा असला की पाणी उशिरा चढतं. अशा दोन दिवसांचा फायदा तिने इंकेनला दिला. उरले नऊ. त्यातल्या एकासाठी तर पुस्तक उघडायचीही गरज नव्हती. जानेवारीतला तिसरा बुधवार. त्या दिवशी वादळाने समुद्र होल्मवर चढला होता, बेट गडप होऊन नुसतं केटेलचं टेकाड पाण्याबाहेर राहिलं होतं, आणि इकडे शाळेलाही सुट्टी दिली होती. इंकेनच्या वहीत त्या दिवशीही चार वाजता, दीड तास. काम: पाण्यावर लक्ष.

तिने शिक्क्याची डबी खणात परत ठेवली.

मंगळवारी सकाळी ती अग्निशमन दलाच्या टाडे कार्स्टन्सकडे गेली. मुलांच्या सभा त्याच्याच सभागृहात होत आणि उपक्रमात तोही तिच्याबरोबर होता. तो गाडी धूत होता. गेशेने त्याला नऊ बुधवार एकामागून एक वाचून दाखवले. टाडेने ते नळ चालू ठेवूनच ऐकले.

“गेशे, तू कार्यालयातून निवृत्त झालीस,” तो म्हणाला, “पण कार्यालय काही तुझ्यातून निवृत्त होत नाही बघ.”

त्याचं म्हणणं असं की पोरगी चांगली आहे, बापाच्या बोटीवर वाढलेली आहे, तिला बोलावून सरळ विचारावं. गेशेचं म्हणणं असं की मागचा मुलगाही चांगलाच होता. शेवटी बुधवारी इंकेनला बोलवायचं ठरलं. वेळ गेशेने ठरवली. चार वाजता.

टाडेने ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली. बुधवारी सकाळी गेशे पाव आणायला गेली तेव्हा बेकरीतलं बोलणं ती आत येताच थांबलं. इंकेनची आई काउंटरशी उभी होती. गावात भेटल्यावर सगळेच म्हणतात ते “मॉइन” तिने म्हटलं नाही. पावाची पिशवी उचलली आणि गेली.

सभागृहाची खिडकी बांधाच्या वर आहे. तिथून होल्मची वाट सरळ दिसते, म्हणजे ओहोटी असेल तर. त्या दिवशी चार वाजता भरती होती. वाटेच्या खुणेसाठी रोवलेल्या काठ्यांची नुसती टोकं पाण्यावर दिसत होती, आणि त्यांच्यापलीकडे होल्मचं टेकाड. इंकेन आली, पावसाळी जाकीट खुर्चीला अडकवलं आणि टेबलावरच्या वहीकडे पाहिलं. वही उघडी होती, पण शिक्क्याची जागा कोरी होती. टाडे मागे कॉफी करत होता.

“आज बुधवार,” गेशे म्हणाली. “चार वाजलेत. चल, केटेलकडे जाऊन येऊ.”

इंकेनने खिडकीबाहेर पाहिलं. मग तिच्याकडे.

“पोहता येतं का तुम्हाला, गेशेकाकू?”

टाडे हसला आणि लगेच खोकला. गेशेने नऊ बुधवारांचा कागद मुलीपुढे सरकवला. इंकेनने तो वाचला. तिचे कान लाल झाले, आवाज मात्र चढला नाही. मी दर आठवड्याला जात होते, ती म्हणाली, ओहोटी असेल तेव्हा. कधी सकाळी शाळेआधी, कधी दुपारी, आणि बुधवारी दिवसभर जमण्यासारखं नसलं तर एखाद वेळी गुरुवारी.

“मग चार का लिहिलंस?”

“तुम्हीच सांगितलंत म्हणून. दिवस एक, वेळ एक, त्यात बदल चालणार नाही. ज्याच्या वहीत रोज वेगळी वेळ, त्याने ती बसमध्ये भरली असं मी धरीन. असंच म्हणाला होतात.”

उत्तर फार तयार होतं. मुलं उत्तर तयार करून आली की गेशेला ते ओळखू यायचं. निदान आता येतं, असं तिला वाटत होतं.

“म्हणाली होतीस तू,” टाडे मागून म्हणाला. “ऑक्टोबरात, पहिल्या सभेला. हिने हातही वर केला होता. तू म्हणालीस, अपवाद नाही, प्रश्न नंतर.”

मी सभेत पुष्कळ बोलते, गेशे म्हणाली, त्यातलं सोयीचं कुणीही उचलेल. आणि बाकीच्या मुलांना कुठे अडचण आली? इंकेन म्हणाली की बाकीच्यांची म्हातारी माणसं रस्त्याने पोचता येतं अशा घरांत राहतात. ते खरं होतं. पण खऱ्या गोष्टीला टेकून खोटं उभं करता येतं, हेही गेशेने कार्यालयात चौतीस वर्षं पाहिलं होतं. तिने जानेवारीच्या नोंदीवर बोट ठेवलं.

“त्या दिवशी नव्हते गेले,” इंकेन म्हणाली. “फोनवर होते.”

“केटेलशी? फोनवर?”

“हो.”

केटेलला कानाशी ओरडलेलंही धड ऐकू येत नाही. टपाल घेऊन जाणारा माणूस त्याच्याशी पाटीवर लिहून बोलतो. गेशेने टाडेकडे पाहिलं. टाडे कॉफीच्या भांड्याचं झाकण उगाच नीट बसवत राहिला.

इंकेनने जाकीट घेतलं. शुक्रवारी बारा वाजता, एवढंच म्हणाली आणि गेली.

गुरुवारी ओहोटी सकाळी दहा वीसला होती. गेशे साडेनऊला बांध उतरली. तिने कुणाला कळवलं नव्हतं. केटेलला आगाऊ कळलं असतं तर त्या दोघांना गोष्ट जुळवून घेता आली असती, असा तिचा हिशेब. बूट टाडेचे, दोन मापं मोठे. गाळात पाय नडगीपर्यंत रुतत होते, आणि काढताना गाळ बूट सोडत नव्हता. अर्ध्या वाटेवर ती काठीला धरून थांबली. मागे बांध, पुढे टेकाड, मध्ये काही नाही. या वाटेवरून चोवीस वेळा जाऊन यायचं म्हणजे काय, हे तिच्या मनात आलं. पण तिने ते पुरावा म्हणून धरलं नाही. कष्टाची वाट ही न जायचं कारणही असू शकते.

टेकाडाला दगडी पायऱ्या आहेत. बारा. केटेल वर दारात उभा होता, गळ्यात दुर्बीण. चौऱ्याऐंशी वर्षांचा, पण ताठ. त्याने तिला आत घेतलं आणि आधी खिडकीशी टेकवलेल्या जाड वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. गेशेने मान वाकवून वाचलं. ‘गे. बा. — ९.३२ निघाली. १०.२९ आली. सावकाश.’

“हे काय लिहितोस?” तिने पाटीवर लिहून विचारलं.

“वाटेवर पाय ठेवला की लिहायचं,” केटेल म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. “बाप लिहायचा, मी लिहितो. निघाला लिहिलं आणि आला लिहिलं नाही, म्हणजे बोट काढायची. परत जाताना पण तसंच. पलीकडे पोचलीस की फोन कर. तीनदा वाजवून ठेव. फोन वाजला की माझ्याकडे दिवा लागतो.”

त्याने चहा केला, खडीसाखर टाकली, रम विचारली. तिने नको म्हटल्यावर तिच्या वाटची स्वतःच्या कपात घातली. ती का आली ते त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला की चौतीस वर्षं तुझ्या कार्यालयातून मला पत्रं येत होती, माणूस पहिल्यांदाच आलं.

गेशेने वही मागितली. पोरीने काही केलंय का, असं त्याने विचारलं. तिने पाटीवर लिहिलं, तेच बघायचंय.

“फसवते ती,” केटेल म्हणाला.

गेशेचा कप हातातच राहिला.

“पत्ते खेळताना. समोरासमोर फसवते आणि वर हसते. गाळात नाही फसवत. गाळात फसवणारा एकदाच फसवतो.”

तिने त्याची वही मांडीवर घेतली आणि पिशवीतून इंकेनची वही आणि भरती-ओहोटीचं पुस्तक काढून शेजारी उघडलं. ऑक्टोबर, तिसरा आठवडा: ‘इं. — निघाली ६.१०, आली ६.५५.’ पुढचा आठवडा: दुपारी १२.४०. त्यापुढचा: ५.३५. पुस्तकातल्या ओहोट्यांशी प्रत्येक वेळ जुळत होती. तीन वेळा बुधवारऐवजी गुरुवार. बहुतेक वेळा ती दीड तासाहून जास्त थांबलेली. सगळ्या सह्या एकाच शाईत का, हे तिने विचारलं, तर केटेल म्हणाला की सगळ्या मार्चमध्येच केल्या. वहीच्या मागे छापलंय ना, ओली किंवा चिखल लागलेली वही स्वीकारली जाणार नाही. पोरगी वही घरीच ठेवायची. शेवटच्या दिवशी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत घालून आणली.

गेशेने उलटून पाहिलं. छापलेलं होतं. ते वाक्य मुख्य कार्यालयाचं होतं. दिवस एक, वेळ एक हे मात्र तिचं स्वतःचं.

मग ती जानेवारीवर आली. तिसऱ्या बुधवारी एकच ओळ: ‘इं. — फोन — ३.३५ ते ५.५०.’

घुसडलेली ओळ तिला लांबून ओळखू यायची. अशा ओळी पकडण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती. तिने वही उजेडात धरली. वरची ओळ मंगळवारची: ‘वारा वायव्य, वाढतो आहे.’ खालची गुरुवारची: ‘दोन मेंढ्या गेल्या.’ मधली ओळ ना दाटीने लिहिलेली होती, ना वेगळ्या टोकाने. पान ओलं होऊन सुकलेलं होतं आणि तिन्ही ओळी सारख्याच फिसकटल्या होत्या.

तरी तिने पाटीवर लिहिलं: ‘तुला ऐकू येत नाही.’

“ऐकू नाही येत,” केटेल म्हणाला. “बोलायला येतं. फोन वाजला, दिवा लागला, मी उचलला. त्या वेळेला कोण करणार, तीच. मी पाण्याकडे बघून पायरी सांगत होतो. पाचवी. सहावी. ती काय बोलत होती मला काय माहीत. पण फोन ठेवलान नाही. रिसीव्हरवर हात ठेवला की बोलणं कळतं, थरथरतं.” त्याने तळहात दाखवला. “अकरावीला टेकलं तेव्हा मी जरा गप्प झालो. ती नाही झाली.”

गेशेने दाराकडे पाहिलं. बारावी पायरी म्हणजे उंबरठा.

गेशेने सगळ्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या. वाटेवर पाणी चढायच्या आत निघायला हवं होतं. केटेलने दुर्बीण घेतली आणि ती निघाल्याची वेळ लिहिली. बांधावर पोचल्यावर तिने सांगितल्याप्रमाणे फोन करून तीनदा वाजवला.

संध्याकाळभर ती टेबलाशी होती. प्रत्येक ‘चार वाजता’खाली लाल शाईने खरा वार आणि खरी वेळ. जानेवारीखाली: ‘दूरध्वनीवर, सव्वादोन तास.’ पहिल्या पानावर तिने लिहिलं की मूळ वेळा स्वयंसेवकाच्या चुकीच्या सूचनेमुळे अशा लिहिल्या गेल्या, चूक स्वयंसेवकाची, मुलीची नाही. खाली पूर्ण नाव. मग शिक्का. त्याच्या डबीखालचं पत्र हाताला लागलंच.

शुक्रवारी नऊ वाजता इंकेन वही घ्यायला आली. ती आत आली नाही. दारातच उभी राहून पहिल्या पानापासून चोविसाव्यापर्यंत सगळं वाचलं, एकेक ओळ, बोट ठेवून. गेशे तिच्यासमोर उभी राहून वाट पाहत होती. आणखी कुठे काही लिहून ठेवलंय का, हे मुलगी शोधत होती आणि ते लपवतही नव्हती.

“एवढं लाल बघून ते ठेवतील मला?”

“पहिल्या पानावर लिहिलंय कुणाची चूक ते.”

“पहिलं पान वाचतात का?”

नोंदणी कार्यालयात पहिलं पान कुणीच वाचत नसे.

“मग तुम्हीच चला आणि सांगा,” इंकेन म्हणाली.

बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. कंपनीच्या कार्यालयात शिकाऊ मुलांचं काम मारेन फेडरसेनकडे होतं. वीस वर्षं कप्तान, आता गुडघ्यामुळे टेबलाशी. तिने वही घेतली, पहिलं पान ओलांडून मधलंच एक उघडलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या. गेशे उभ्याउभ्याच बोलू लागली. सूचना माझी होती, मुलीने शंका विचारायला हात वर केला होता, मी उत्तर दिलं नाही. या आठवड्यात मी हिच्यावर खोटेपणाचा आळ घेतला आणि तो गावभर झाला, तोही खोटा होता.

फेडरसेन ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिने खणातून भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं, तीन तारखा लाल शाईशी ताडून पाहिल्या. चौथी पाहिली नाही.

“लाल नसतं तर मी दुसऱ्या पानावरच वही मिटली असती,” ती म्हणाली. “होल्मला दर बुधवारी चार वाजता. ज्या मुलीला पाणी कळत नाही, तिला बोटीवर घेऊन काय करू?” मग तिने जानेवारीवर बोट ठेवलं आणि इंकेनला विचारलं, “कुठपर्यंत आलं होतं?”

“अकरावीपर्यंत.”

“आणि दार?”

“बाराव्या पायरीला.”

“काय बोललीस सव्वादोन तास?”

इंकेनने खांदे उडवले. “शाळेचा धडा वाचून दाखवला. मग दुसरं काही सुचेना तेव्हा तोच पुन्हा.”

फेडरसेनने वही आपल्या बाजूच्या ट्रेमध्ये टाकली आणि एक तारखेला पाच वाजता धक्क्यावर यायला सांगितलं. सकाळी पाच, ती म्हणाली, आणि ही वेळ खरी आहे.

परतीच्या बसमध्येही दोघी वेगळ्याच बसल्या, इंकेन एक बाक पुढे. बांधाच्या थांब्यावर ती उतरायला उठली तेव्हा गेशेने विचारलं की आता बुधवारी केटेलकडे कोण जाणार.

इंकेनने दांडा धरून तिच्याकडे पाहिलं. सकाळी दारात वही वाचताना पाहिलं होतं, तसंच.

“पुढच्या बुधवारी ओहोटी तीन वीसला,” ती म्हणाली. “अडीचला निघा. टाडेचे बूट नको, केटेल आजोबा काल फोन करून म्हणत होते तुम्ही वाटेत रुतूनच बसला असता. माझे जुने देते.”

“बरं.”

“आणि परत पोचल्यावर तीनदा फोन वाजवायचा. ते सगळं लिहून ठेवतात.” दार उघडलं. ती उतरली आणि खालून म्हणाली, “मी विचारणार आहे त्यांना.”